इस्पिक तिर्रीचे वर्षफल

पत्त्यांच्या ज्योतिषात वर्षाचा फलादेश बावन्न पानांच्या मांडणीवरून काढतात. पंचांग, कुंडली आणि जन्मवेळ यांच्या जागी बाजारात मिळणारा साधा कॅट घ्यायचा. तो मात्र पिसायचा नाही. पिसून वाटला तर रमी होते, न पिसता वाटला तर शास्त्र होते. अमेरिकेतील ऑल्नी रिचमंड यांनी १८९३ साली ‘द मिस्टिक टेस्ट बुक’ या पुस्तकातून ही पद्धत लोकांपुढे आणली. तिचे अनुयायी तिचा उगम बुडालेल्या अटलांटिसपर्यंत नेतात. बुडालेल्या जागी पुरावा मागायला कोणी जात नाही, ही त्यातली सोय. वऱ्हाडात पत्ते पारावर आणि जानोशात खेळले जातात. भविष्याशी त्यांचा आजवरचा संबंध, हरलेले पैसे घरी कसे सांगायचे, एवढ्यापुरताच होता.

या पद्धतीचा पाया अंकगणिताचा आहे आणि तो पक्का आहे. पाने बावन्न, वर्षाचे आठवडे बावन्न. रंग चार, ऋतू चार. एक्क्यापासून राजापर्यंत १ ते १३ असे गुण धरले तर एका रंगाची बेरीज ९१ येते आणि चार रंगांची ३६४. जोकराचा एक धरला की ३६५. ही जुळणी पाहून माणूस भारावतो. मात्र सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० पानांची असते. दहा रंग, प्रत्येकात बारा पाने. तिची याच रीतीने बेरीज ७८० होते. रिचमंड सावंतवाडीला जन्मले असते, तर वर्ष दोन वर्षांहून मोठे झाले असते.

पहिली पायरी जन्मपान काढण्याची. जन्माच्या महिन्याचा आकडा दुप्पट करायचा, त्यात तारीख मिळवायची आणि ती बेरीज ५५ मधून वजा करायची. उत्तर १ ते १३ असेल तर बदाम, १४ ते २६ किलवर, २७ ते ३९ चौकट, ४० ते ५२ इस्पिक. शून्य आले तर जोकर. तो मान ३१ डिसेंबरला जन्मलेल्यांचा. उदाहरणार्थ, गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. चार अधिक तेवीस सत्तावीस, ५५ मधून गेले की २८, म्हणजे चौकट दुर्री. हे पान सौदे जमवणाऱ्या व्यापाऱ्याचे मानतात. बाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःजवळ गाडगे व खराटा ठेवला. जाणकार यातल्या धर्मशाळा मोजतो आणि खराटा सोडून देतो, की पान जुळते. अमरावतीचेच गझलकार सुरेश भट १५ एप्रिल १९३२ चे. त्यांना चौकट छक्की येते. अर्थ, पैशाची जबाबदारी आणि देण्याघेण्याचा चोख हिशेब. गझलेत मात्रांचा हिशेब चोख लागतो, असे म्हटले की हेही पान जुळते. या दोन उदाहरणांत वाचनाची सगळी पद्धत आली.

वऱ्हाडात या पायरीवर एक अडचण येते. जुन्या पिढीची खरी जन्मतारीख ‘पोळ्याच्या मागंपुढं’ किंवा ‘गावात पटकी आली होती तवा’ अशी असते. कागदोपत्री ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठरवलेली असते, आणि गुरुजींचा ओढा १ जूनकडे. सूत्राने १ जूनचे पान ४२ वे, म्हणजे इस्पिक तिर्री. त्यामुळे अकोला-अमरावतीच्या कित्येक गावांत अख्खा पार एकाच पानाचा निघतो. इस्पिक हा काम आणि प्रकृतीचा रंग, तिर्री हा दुविधेचा आकडा. कामाबाबत कायमची दुविधा, हे फळ कोरडवाहू शेतकऱ्याला लागू पडले म्हणून गुरुजींना द्रष्टे म्हणावे लागते. त्याच गुरुजींनी १ जुलै लिहिली असती तर सगळ्यांना इस्पिक एक्का मिळाला असता. एका महिन्याच्या आळसाने हुकमाचे पान हातचे गेले.

दुसरी पायरी मांडणीची. कॅट बदाम, किलवर, चौकट, इस्पिक या क्रमाने लावून पालथा धरतात. तीन-तीन पाने टाकत चार ढीग करतात. शेवटी उरलेली चार एकेक करून चारही ढिगांवर जातात. ढीग एकावर एक ठेवून पुन्हा, या वेळी एकेक पान टाकत, चार ढीग करतात आणि ते उचलतात. असे एकदा केले की एका वर्षाची घडी बदलते. पुढे सात ओळींत सात-सात पाने उजवीकडून डावीकडे मांडायची आणि उरलेली तीन मुकुटासारखी वर ठेवायची. वयाच्या प्रत्येक वर्षाची मांडणी वेगळी. नव्वद मांडण्या झाल्या की पाने आपोआप मूळ क्रमावर येतात, म्हणून नव्वदीच्या आजोबांना स्वतःच्या जन्मसालाचेच वर्षफल पुन्हा मिळते. दात, जेवण आणि झोप यांच्या बाबतीत ते खरेही ठरते. तीन पाने मात्र या सगळ्या उलथापालथीत जागची हलत नाहीत: इस्पिक राजा, किलवर अठ्ठी आणि बदाम गुलाम. एखाद्या सहकारी संस्थेचा कारभार पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटत नाही.

तिसरी पायरी वाचनाची. त्या वर्षाच्या मांडणीत आपले जन्मपान शोधायचे. त्याच्या डावीकडची सात पाने अनुक्रमे बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी, हर्शल आणि नेपच्यून यांची, आणि प्रत्येकाचा अंमल ५२ दिवस. वर्ष वाढदिवसाला सुरू होते. राहू-केतूंना यात जागा नाही. शनीलाही दर साली बावन्नच दिवस मिळतात, त्यामुळे साडेसात वर्षांचे काम हप्त्याहप्त्याने उरकावे लागते.

१ जूनच्या माणसाचे वर्ष असे वाचतात. बुधाचा अंमल २२ जुलैपर्यंत: बोलणी, निरोप, धावपळ. मृग लागतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते सांगते. शेजारी पेरून मोकळा होतो. ‘तू काऊन थांबला बे?’ या एका प्रश्नावर निम्म्या गावाची पेरणी उरकते. शुक्र १२ सप्टेंबरपर्यंत: घर, स्नेह, सण. नागपंचमी होते, पोळा होतो, महालक्ष्म्या बसतात आणि तणाला प्रेमाने भर येतो. मंगळ ३ नोव्हेंबरपर्यंत: झुंज आणि कोर्टकचेरी. सोयाबीनच्या सुडीवर पाऊस, कपाशीत बोंडअळी, धुऱ्यावरून भांडण. गुरू २५ डिसेंबरपर्यंत: धनलाभ. इथे चौकट दश्शी आली तर कापसाचे पैसे आले. चौकट नव्वी आली तर ते सोसायटीच्या कर्जात वळते झाले. दोन्ही एकाच आठवड्यात घडते, म्हणून गुरूचे भाकीत सहसा चुकत नाही. शनी १५ फेब्रुवारीपर्यंत: कष्ट. हरभऱ्याला पाणी द्यायचे आणि वीज रात्रीची. हर्शल ८ एप्रिलपर्यंत: अकस्मात घटना. वरुड-मोर्शीच्या संत्र्यावर गारपीट, आणि पंचनाम्याला साहेब वेळेवर हजर. या दोहोंपैकी दुसरी जास्त अकस्मात. नेपच्यून ३० मेपर्यंत: आशा, भ्रम आणि लांबचे प्रवास. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, लग्नाच्या वऱ्हाडांनी एसट्या भरतात आणि पुढचे साल चांगले जाईल असे प्रत्येकाला वाटू लागते.

याच काळात अक्षय तृतीया येते आणि वऱ्हाडाची स्वतःची वर्षमांडणी होते. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केली. ती सुमारे साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगतात. संध्याकाळी शेतात गोल घट आखून त्यात गहू, ज्वारी, तूर, सरकी अशी अठरा धान्ये गोलाकार ठेवतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याने भरलेली घागर. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे देशाची तिजोरी, पानविडा म्हणजे राजाची गादी. करडी संरक्षणाची, भादली रोगराईची. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. मुंग्या, वारा आणि उंदीर यांना ही सूचना पोचलेली नसते. पहाटे कोणता दाणा सरकला, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून भाकीत सांगतात: जून कमी, जुलै सर्वसाधारण, कपाशी मोघम, भावात तेजी. ‘काय म्हन्ते भेंडवळ?’ हा प्रश्न मग अकोल्याच्या कापूस बाजारापासून अमरावतीच्या राजकमल चौकापर्यंत फिरतो. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरसाल टीका करतात. निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे राजाचे भाकीत जाहीर न करण्याची वेळही आली आहे. पत्त्यांच्या ज्योतिषाला हा त्रास नाही, कारण तिथे राजे चार आहेत आणि मतदान नाही.

दोन्ही मांडण्यांची तुलना केली तर भेंडवळ सरस ठरते. बावन्न पानांत बदामाची राणी आहे, पण सरकी नाही. इस्पिकचा गुलाम आहे, पण जनावरांच्या चाऱ्याची सोय नाही. पत्ते एकेका माणसाचे भविष्य सांगतात आणि ते चुकले तर त्याचे त्यालाच निस्तरावे लागते. भेंडवळचे भाकीत साऱ्या मुलखाचे असते. ते चुकले तर दोष वाटून घेता येतो, आणि कर्ज काढून पेरणाऱ्याला पावसाच्या अंदाजाइतकीच दोष वाटून घेणाऱ्यांची गरज असते. दोन्हींचे वाचन सोपे असण्याचे कारण मात्र एकच. वऱ्हाडाचे वर्ष आधीच ठरलेल्या क्रमाने येते. पान किंवा दाणा त्यावर नुसता ठेवायचा असतो.

शेवटची बाब हिशेबाची. सात गुणिले बावन्न ३६४ होतात. १ जूनच्या माणसाचा ३१ मे कोणत्याच ग्रहाच्या बावन्न दिवसांत बसत नाही. त्या दिवशी ग्रहांचा सल्ला मिळत नसल्याने इस्पिक तिर्रीवाले बियाण्याच्या दुकानात जातात आणि दुकानदार देईल ती पिशवी उधारीवर घेऊन येतात.