वेगळं कार्डवाला

सोलापुरात नवी पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत कुणीही गेमिंगचा पीसी जुळवायला घेतला, की हा माणूस न बोलावता हजर होतो. बजेट किती, एसएमपीएस किती वॅटचा, मे महिन्यात पारा 43-44 वर गेल्यावर त्या कॅबिनेटचं काय होणार, यातलं तो काही विचारत नाही. त्याचं म्हणणं एकच, "फिजिक्सला वेगळं कार्ड टाक की बे!" भिंत फुटली तर प्रत्येक कपची आपल्या मर्जीने उडाली पाहिजे, धूर पायाभोवती वळला पाहिजे. बॅटमॅन मेला तरी चालेल, त्याच्या केपला सुरकुती बरोबर पडली पाहिजे.

इतिहास त्याला पाठ आहे, फक्त अर्धा. 2006 मध्ये एजिया कंपनीने खास याच कामासाठी 300 डॉलरच्या आसपास किमतीचं फिजएक्स कार्ड आणलं, हे तो सांगतो. 'घोस्ट रिकॉन ॲडव्हान्स्ड वॉरफायटर'मध्ये ते कार्ड लावल्यावर खेळ उलट मंदावला, हे सांगत नाही. कारण उघड आहे. कपच्यांचा हिशेब नव्या कार्डाने केला, तरी त्या वाढीव कपच्या पडद्यावर रंगवायच्या ग्राफिक्स कार्डानेच. 2008 मध्ये एनव्हिडियाने एजियाच विकत घेतली आणि तो हिशेब फिजएक्स याच नावाने आपल्या ग्राफिक्स कार्डांवर चालवायला घेतला. वेगळ्या कार्डाचा संसार दोन वर्षांत आटोपला.

यावर त्याचा सवाल ठरलेला असतो: 1996 चं थ्रीडी चित्रं काढणारं व्हूडूसुद्धा वेगळंच कार्ड होतं ना? मुद्दा वजनदार आहे. पण चित्र प्रत्येक खेळात, प्रत्येक क्षणी काढावं लागतं. भिंत कधीतरीच फुटते. शिवाय ज्या भिंतीआड लपायचं, तिचं फुटणं मोजक्या लोकांकडच्या कार्डावर सोपवलं, तर बाकीच्यांनी खेळायचं कसं? म्हणून खेळ बनवणारे अशा कार्डाला फक्त सजावट देतात. चादरीच्या झालरीसाठी घरात दुसरा माग बसवावा, तसला हा खर्च. खेळाला खरोखर वळण देणारं फिजिक्स 'हाफ-लाइफ 2'ने 2004 मध्येच साध्या प्रोसेसरवर चालवलं होतं; त्यात ग्रॅव्हिटी गनने करवतीची पाती उचलून झोंबींवर फेकता येत.

2025 ने मात्र त्याला हात दिला. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 50 मालिकेच्या कार्डांवर 32-बिट फिजएक्स चालेनासं झालं, जुन्या खेळांचं ते ओझं प्रोसेसरवर पडलं आणि लाखांच्या पीसीवर 'बॉर्डरलँड्स 2' रखडू लागला. हौशी मंडळींनी शेजारी खरोखरच एक जुनं कार्ड खोचून खेळ पळवला. एवढ्यापुरता तो बरोबर ठरला, हे कबूल करायला हवं. पण हार्डवेअर कमी पडलं नव्हतं, सॉफ्टवेअरचा आधार काढून घेतला गेला होता. डिसेंबरात एनव्हिडियाने निवडक जुन्या खेळांसाठी तो ड्रायव्हरमधूनच परतही दिला. तोवर आपल्या माणसाने मात्र जुनं जीटीएक्स कार्ड विकत आणलेलं असतं, आणि म्हणून तो ड्रायव्हर अपडेट करायचं टाळत असतो.