आवृत्ती सतरावी

त्याचं खरं आडनाव वेगळं आहे. पण श्टुटगार्टच्या आसपास जी काही मराठी घरं आहेत, त्यांत त्याला सगळे नकाशे म्हणतात आणि हल्ली तो स्वतःही फोनवर "हां, नकाशे बोलतोय" असंच म्हणतो. माणूस मूळचा साताऱ्याचा, धंद्याने इंजिनिअर, जर्मनीत पंधरा वर्षं मुरलेला. गॅरेजमध्ये एक मोटारसायकल आहे. बीएमडब्ल्यूच्या देशात राहून त्याने घेतली ती मात्र तमिळनाडूत तयार झालेली रॉयल एनफिल्डची हिमालयन. का, तर "चुलत्यांकडे बुलेट होती." एवढ्या कारणावर साताऱ्यात लोकांनी जमिनी विकल्या आहेत, तेव्हा आपण गप्प बसावं.

या गाडीवरून नकाशे युरोपातले बावीस देश फिरणार आहे. वर नॉर्वेतलं नॉर्डकाप, खाली स्पेनच्या टोकाचं तारिफा, मग उजवीकडे वळून रुमेनिया. मी त्याला नऊ वर्षं ओळखतो आणि नऊ वर्षं तो फिरणार आहे. गाडी नंतर आली, बेत आधीचा.

कोणी म्हणेल, आळशी असेल. अजिबात नाही. आळशी माणूस "बघू" म्हणतो. नकाशेने सगळं बघून ठेवलेलं असतं. दर हिवाळ्यात या बेताची नवी आवृत्ती निघते, बहुतेक हिवाळ्यांत दोनदेखील. स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक कव्हर, आत रोजचे किलोमीटर, पेट्रोल पंप, मुक्काम, आणि शेवटच्या रकान्यात "पर्याय". पर्यायालाही पर्याय असतो, त्याचा रंग फिकट पिवळा. चहाला बोलावलं की पिशवीतून आधी चकल्यांचा डबा निघतो आणि पाठोपाठ ही वही. चकल्या उत्तम असतात, म्हणून आम्ही बोलावतो.

हिवाळ्यातच का, यालाही कारण आहे. जर्मनीत वाहनाला हंगामी नंबरप्लेट मिळते. तिच्या कडेला महिन्यांचे आकडे ठोकलेले असतात. नकाशेच्या प्लेटवर 03 आणि 10 आहे, म्हणजे मार्च ते ऑक्टोबर एवढाच काळ गाडी रस्त्यावर आणायची. उरलेले चार महिने तिला सार्वजनिक रस्त्यावर नुसतं उभं करायलासुद्धा बंदी. तेवढ्या काळाचा कर आणि विमा वाचतो. तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाडी बाहेर काढता येत नाही म्हणून नकाशे बेत करतो, आणि मार्च ते ऑक्टोबर त्या बेतातल्या चुका काढतो.

लायसन्सची कथा त्याच्याच तोंडून ऐकावी. भारतातलं लायसन्स जर्मनीत पहिले सहा महिने चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. साताऱ्यात आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढून पास झालेला हा गडी. इथे त्याला चालण्याच्या वेगाने खांबांमधून नागमोडी जायला लावलं, ताशी पन्नासच्या वेगात अडथळा चुकवायला लावला, त्याच वेगात करकचून ब्रेक लावायला लावला. मास्तर मागून मोटारीत, आणि त्यांचा आवाज हेल्मेटमध्ये. "पसरणी घाटात म्हशी आडव्या आल्यावर आपण दुसरं काय करतो?" नकाशे म्हणतो. "फक्त कानात कोणी जर्मन बोलत नाही." पहिल्या फटक्यात पास झाला. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याला गाडी चालवता येत नाही असा गैरसमज पसरलेला आहे. छान चालवतो. रविवारी पाव आणायला जातो तेव्हा मी बघितलंय.

खरी अडचण तारखांची आहे. नॉर्डकापला मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा तर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पोचायला हवं. रुमेनियातला ट्रान्सफागारशान घाट, हुकूमशहा चाउशेस्कूने 1970 ते 1974 मध्ये सैन्याकडून बांधून घेतलेला, बर्फामुळे साधारण जूनअखेरपर्यंत बंदच असतो. म्हणजे जुलै. जुलैत दक्षिण स्पेनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि अंगात चामड्याचं जाकीट. एका टोकाला सूर्य मावळत नाही म्हणून जायचं आणि दुसऱ्या टोकाला तो कधी एकदा मावळतो म्हणून वाट बघायची. ऑगस्टमध्ये ढकलावं तर 15 ऑगस्टच्या आसपास अर्धी इटली दुकानं बंद करून समुद्रावर गेलेली. सप्टेंबरात मंडळाचा गणपती, आणि आरतीचा टेम्पो सांभाळणारा नकाशेशिवाय दुसरा माणूस नाही. शिवाय वर्षाच्या तीस रजा. साहेब सलग तीन आठवड्यांच्या वर सोडत नाही. हे गणित नऊ वर्षं सुटलेलं नाही. सुटलं असतं तर नकाशे आजारी पडला असता, असं माझं मत आहे.

नॉर्डकापने त्याला एकदा खरंच आजारी पाडलं होतं. 71 अंश 10 मिनिटं 21 सेकंद उत्तर, समुद्रापासून 307 मीटर उंच कडा, लोखंडी पृथ्वीगोल, त्याच्याशी गाडी टेकवून फोटो. सगळं पाठ. आणि एका रात्री त्याला कळलं, की त्याच बेटावरचं शेजारचं क्निव्हशेलॉडेन हे भूशिर नॉर्डकापपेक्षा थोडं अधिक उत्तरेला आहे. तिथे गाडी जात नाही. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर चालावं लागतं. आठवडाभर नकाशे कोणाशी नीट बोलला नाही. अकराव्या आवृत्तीत चालायचे बूट आले. बुटांचं वजन वाढलं म्हणून स्वयंपाकघरातला काटा गॅरेजमध्ये गेला आणि वहिनींनी पंधरा दिवस केक अंदाजाने केले.

वहिनींचं धोरण सरळ आहे. "तू पोच, मी विमानाने येते," असं त्या पहिल्या आवृत्तीपासून सांगत आहेत.

नियमांत तर तो, कोणी रागदारीत रमावं तसा रमतो. फ्रान्समध्ये मोटारसायकलवाल्याजवळ चमकणारं जाकीट हवं, प्रमाणित हातमोजे हवेत. ऑस्ट्रियात प्रथमोपचाराची पेटी हवी. ऑस्ट्रियाच्या आणि स्वित्झर्लंडच्या हमरस्त्यांसाठी आधी पैसे भरून स्टिकर घ्यायचा. चेक प्रजासत्ताकात आणि रुमेनियात मोटारसायकलला तो लागतच नाही. टायरोलच्या काही रस्त्यांवर, उभ्या गाडीचा आवाज कागदोपत्री 95 डेसिबलच्या वर असेल तर उन्हाळ्यात प्रवेश नाही. नकाशेची गाडी त्याच्या कितीतरी खाली आहे, तरी तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलाय. स्वीडनमध्ये 3 सप्टेंबर 1967 पर्यंत डावीकडून गाड्या चालायच्या. "त्याच्या आधी गेलो असतो तर सोपं होतं," हे तो गंभीरपणे म्हणतो. तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता.

त्याचा सगळ्यात आवडता विषय कोसोव्हो. सर्बियातून कोसोव्होत जाता येतं. पण तिसऱ्याच देशातून कोसोव्होत शिरलात आणि मग सर्बियाच्या नाक्यावर उभे राहिलात, तर ते परत पाठवू शकतात. कारण सर्बियाच्या लेखी तुम्ही त्यांच्याच देशात न विचारता घुसलात. मला हे तीनदा समजावून सांगितलं, तिन्ही वेळा कळलं नाही. मग नकाशेने साताऱ्याची भाषा काढली. "अरे, वाटणीवरून बिनसलेले दोन भाऊ. धाकट्याकडे आधी चहा घेतलास की थोरला दार उघडत नाही. थोरल्याकडे आधी घे, मग धाकट्याकडे कितीही घे." क्षणात समजलं.

मग पेढ्यांचं. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आत आणायला प्रवाशांना बंदी आहे. नकाशे बरोबर कंदी पेढे नेणार आणि सर्बियातून हंगेरीत परतणार. तेव्हा सतराव्या आवृत्तीत, एकोणिसाव्या दिवसापुढे, स्वच्छ अक्षरात नोंद आहे: "पेढे सर्बियात संपवणे." साताऱ्याचे पेढे मुळात जर्मनीत कसे पोचले, हे मी विचारलं नाही. मीही खाल्ले आहेत. चिवड्याला अशी भीती नाही, पण त्याची देशवार वाटणी आहे, आणि जेवण महाग म्हणून निम्मा चिवडा एकट्या नॉर्वेला.

या माणसाचे खरे शत्रू म्हणजे युरोपातली सरकारं. क्रोएशियाने 1 जानेवारी 2023 रोजी, एकाच दिवशी, युरोही घेतला आणि शेंगेन या बिनतपासणीच्या क्षेत्रातही पाय ठेवला. नकाशेकडे कुनाच्या नोटांचं वेगळं पाकीट होतं आणि वहीत सीमेवर थांबायचा दीड तास. दोन्ही वाया. 1 जानेवारी 2025 ला बल्गेरिया आणि रुमेनियाच्या जमिनीवरच्या सीमांवरची तपासणी गेली. तीन तास मोकळे झाले. एखादा खूश झाला असता. नकाशे म्हणाला, "आता तीन तास घालायचे कुठे?" यंदा 1 जानेवारीला बल्गेरियाने युरो घेतला, लेव्हाचं पाकीट रिकामं झालं. त्या दिवशी आम्ही त्याला नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या नाहीत.

आता जे सांगतो त्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. मागच्या जूनमध्ये मी त्या वहीतली चार पानं मागून घेतली आणि माझ्या जुन्या सुझुकीवरून इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटात गेलो. थट्टाच करायची होती, परत येऊन चुका दाखवायच्या होत्या. आदल्या रात्रीच्या मुक्कामावरून पहाटे पाच चाळीसला निघ म्हणून लिहिलं होतं, निघालो. फर्नपासवर सातच्या आधी गर्दी नसते म्हणून लिहिलं होतं, नव्हती. रेशन तलावात 1950 साली गाव बुडालं आणि चर्चचा मनोरा तेवढा पाण्यावर राहिला, वहीत "मनोरा, फोटो, 6 मिनिटे, दरीच्या बाजूला उभे राहू नये, ऊन डोळ्यांवर येते." सहा मिनिटं लागली. मी दरीच्या बाजूला उभा राहिलो, आणि ऊन डोळ्यांवर आलं.

स्टेल्व्हिओ 2757 मीटरवर. ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी 1820 ते 1825 मध्ये बांधलेला रस्ता, प्राटोच्या बाजूने 48 वळणं, प्रत्येकाला क्रमांक. आपल्या आंबेनळी घाटाला कोणी क्रमांक दिले नाहीत, नाहीतर कळलं असतं. बाविसाव्या वळणाशी हॉटेलजवळ दम खायला थांबलो तेवढ्यात फोन वाजला.

"बावीसवर आहेस ना?"

"तुला कसं कळलं?"

"नऊ वीस झाले. हे बघ, पुढच्या वळणांना आतून घेऊ नकोस, वरून सायकलवाले बाहेर येतात. आणि पहिल्या गिअरची लाज वाटून घेऊ नको."

मी पहिल्या गिअरमध्ये गेलो. सायकलवाले आले, दोघं, अगदी बाहेर. घाटमाथ्यावर सॉसेजची गाडी लागते, ती वहीत होती. शाकाहाऱ्यासाठी पलीकडच्या दुकानात काय मिळतं तेही होतं, किमतीसकट. किंमत पन्नास सेंटने चुकली होती. ती एकच चूक घेऊन मी परत आलो. नकाशेने ती लगेच दुरुस्त केली, आभार मानले, आणि माझ्या पेट्रोलच्या पावत्या मागून घेतल्या.

चौकशी केल्यावर कळलं, मी पहिला नव्हे. म्युनिकचं एक जोडपं चौदाव्या आवृत्तीवर नॉर्डकापला जाऊन आलंय. एका तेलुगू मित्राने बाराव्या आवृत्तीवर पोर्तुगाल केलं. दोघा भावांनी ट्रान्सफागारशान केला, अस्वलं कुठल्या बोगद्याआधी रस्त्यावर येतात ते वहीत होतं, तिथेच आली. नकाशेच्या बेतावर युरोपात हजारो किलोमीटर गाड्या धावल्या आहेत. त्याच्या स्वतःच्या गाडीच्या मीटरवर 2140.

मी एकदा धीर करून विचारलं, "तू कधी निघतोस रे?" त्याने वही उघडली, पिवळ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "तेवढं कोसोव्होचं पक्कं झालं की."

अठरावी आवृत्ती फेब्रुवारीअखेर तयार होईल. तुमच्यापैकी कोणी उन्हाळ्यात निघणार असेल तर खुशाल मागा, तो पैसे घेत नाही आणि नाही म्हणत नाही. फक्त पावत्या फेकू नका.