पाठीवर बोचके, मुक्काम बैहर

पाठीवर बोचके बांधून हिंडणारे जोडपे हा प्रवाशांतला काटकसरी, पण चटकन दमणारा प्रकार. बँकॉक, हनोईत तो थव्याने आढळतो. बालाघाट जिल्ह्यातल्या बैहरला क्वचितच, आणि तोही नकाशात कान्हा व्याघ्र प्रकल्प जवळ दिसला म्हणून. बैहरला रेल्वे नाही. महाराष्ट्रातून येणारे गोंदिया, बालाघाट करत बसने येतात, आणि घाटाच्या वळणांवर दोघांतला पहिला अबोला सुरू होतो.

पहिला दिवस खोली शोधण्यात जातो. लॉजवाला आधी आधारकार्ड मागतो, मग नाते विचारतो, भाडे शेवटी सांगतो.

दुसऱ्या दिवशी कळते की मनसोक्त पायी भटकणे व्याघ्र प्रकल्पाला मान्य नाही. मुक्की दरवाजातून आत जायचे तर परवाना, जिप्सी आणि गाइड, तिन्हींचे पैसे मोजावे लागतात. बुधवारी दुपारची फेरी नसते. जोडपे नेमके बुधवारीच दरवाजावर उभे असते. मग खर्च वाटून घ्यायला चार अनोळखी माणसे शोधली जातात. एकांतासाठी घर सोडलेल्यांना गर्दीची किंमत कळते ती इथे.

आत गाइड बारशिंगा दाखवतो. १९७० साली इथे तो जेमतेम ६६ उरला होता. त्याला वाचवणे हे कान्हाचे खरे कर्तृत्व. जोडप्याला मात्र वाघच हवा असतो, कारण फोटो वाघाचाच चालतो.

जुलै ते सप्टेंबर गाभाक्षेत्र बंद असते. ऑक्टोबरनंतर यावे आणि परवाना घरूनच काढून निघावे.