आवाज विधिपूर्वक बिघडवावा कसा

गृहस्थाश्रमात राहून आणि शेजाऱ्यांशी असलेला सलोखा न बिघडवता केवळ आपल्या गिटारचा आवाज बिघडवू इच्छिणाऱ्या सज्जनांच्या सोयीसाठी ही मार्गदर्शिका लिहिण्याचे योजिले आहे. साधनसामग्री अल्प आहे: एक गिटार, एक ऑडिओ इंटरफेस, एक संगणक, आणि थोरामोठ्या अ‍ॅम्प्लिफायरांची हुबेहूब नक्कल करणारा एखादा मॉडेलर.

ही विद्या मुळात अपघातातून जन्मली. १९५१ साली मेम्फिस येथे ‘रॉकेट ८८’ हे गाणे मुद्रित करण्यास निघालेल्या मंडळींच्या अ‍ॅम्पचा स्पीकर वाटेतच निकामी झाला, तेव्हा सॅम फिलिप्स या ध्वनिमुद्रकाने त्यात कागदाचे बोळे कोंबून वेळ निभावून नेली. पुढे गिटारवादक लिंक रे याने बुद्ध्याच पेन्सिलीने स्पीकरला भोके पाडली. आणि १९६४ च्या एका गाजलेल्या गाण्यासाठी ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने आपल्या चिमुकल्या अ‍ॅम्पच्या स्पीकरवर दाढीचे पाते चालवले. दारिद्र्यापोटी अथवा पोरवयातील संतापापोटी घडलेली ही नासधूस आता अंकगणितात तंतोतंत उतरवण्यासाठी विद्वान अभियंते वर्षानुवर्षे खपतात, आणि आपण सवलतीच्या हंगामाची वाट पाहून ती खरेदी करतो. हा परदेशी चाळा आहे असे म्हणून ज्यांना नाक मुरडावयाचे असेल, त्यांनी मिरजेच्या तंबोऱ्याचे स्मरण करावे. तिथेही तार घोडीच्या माथ्याला निसटती घासावी म्हणून कारागीर तो माथा तासतो, आणि तारेखाली सरकवलेला दोरा केसभर इकडेतिकडे झाला की जवारी खुलते किंवा मिटते. नादात खरखर हवीच, परंतु ती केसाच्या मापाने हवी, हे आपल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता विधी. तारा नव्या असाव्यात आणि सूर चोख लागलेला असावा, कारण बिघडलेल्या आवाजात बेसूरपणा लपतो ही समजूत सपशेल खोटी असून, तो तिथे दवंडी पिटल्यासारखा जाहीर होतो. इंटरफेसवर ज्या छिद्रापाशी गिटारसाठी म्हणून खूण असेल तिथेच केबल खोचावी. अन्य छिद्रात खोचल्यास पिकअपवर नको तेवढा भार पडून आवाज उगवण्याआधीच मावळतो. सर्वांत जोरकस आघातही शून्याच्या दहा-बारा डेसिबल खाली राहील असा बंदोबस्त करावा, कारण विकृतीतही कुलीन आणि अकुलीन असा भेद आहे आणि इंटरफेसच्या प्रवेशद्वारीच घडलेली विकृती अकुलीन होय; तिची दुरुस्ती पुढे कोणत्याही प्लगइनला करता येत नाही.

यानंतर येते ती गेनची खुंटी, आणि इथेच बहुतेक साधकांचे अधःपतन होते. ध्वनिलहरींचे माथे छाटले की नवे उपस्वर जन्मतात. दोन सूर एकत्र छाटले तर त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही ऐकू येऊ लागतात. षड्ज-पंचमाचे प्रमाण दोनास तीन असल्याने त्यांची वजाबाकी खालच्या षड्जावर जाऊन सुखाने बसते, म्हणून या दोनच सुरांचा पॉवर कॉर्ड भव्य वाटतो. त्यात गांधार घुसडला की हिशेब जुळत नाही आणि सगळ्याचा चिखल होतो. आमच्या पहिल्या मुद्रणात आम्ही गेन दहावर ठेवला होता. एकटी ऐकता ती गिटार रणदुंदुभीसारखी गर्जत होती. ढोल आणि बेस यांच्या संगतीत तीच, डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखी, कुठेतरी दूर गुणगुणू लागली. तेव्हा मनास पटेल तेवढा गेन ठेवावा आणि मग त्यातून तिसरा हिस्सा सरकारजमा करावा. उणीव भरून काढण्यासाठी तोच भाग पुन्हा वाजवून एक डावीकडे व दुसरा उजवीकडे ठेवावा. ‘पुन्हा वाजवून’ असे म्हटले आहे. पहिल्याचीच प्रत काढून दोन्हीकडे ठेवणाऱ्यास फक्त मधोमध बसलेला, किंचित मोठा आवाज मिळतो, आणि आळस उघडा पडतो तो वेगळाच. अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर नावाचा हिरवा डबा जोडून त्याचा ड्राइव्ह शून्यावर व लेव्हल भरपूर ठेवण्याची जी वहिवाट आहे, तिचे रहस्य एवढेच की तो डबा खर्ज अ‍ॅम्पात शिरण्यापूर्वीच अडवतो. छाटणीनंतर खर्ज आवरू पाहणे म्हणजे पूर ओसरल्यावर बांध घालणे.

कॅबिनेटचे, म्हणजे स्पीकरच्या पेटीचे, प्रकरण मात्र स्वतंत्र दप्तराचे धनी आहे. बारा इंची गिटार-स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने मुका होत जातो, आणि हे मुकेपणच त्याचे पुण्य आहे; या पेटीची नक्कल करणारा इम्पल्स रिस्पॉन्स न लावता नुसता अ‍ॅम्प ऐकणाऱ्यास ते क्षणार्धात कळते. मायक्रोफोन स्पीकरच्या मध्यावर असेल तर आवाज बोचरा, कडेकडे सरकेल तसा मऊ, आणि या दोहोंमधील एका इंचाने जेवढा फरक पडतो तेवढा पुष्कळदा अ‍ॅम्प बदलूनही पडत नाही. बांधाच्या एका इंचासाठी तीन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवलेल्या कुळांतील वाचकांना हा इंचाचा महिमा विशेष विशद करण्याचे कारण नाही.

रात्री हलक्या आवाजात केलेला निवाडा सकाळी फेरतपासणीस घ्यावा. मंद आवाजात मनुष्याच्या कानाला खर्ज आणि अतितार दोन्ही कमी भासतात, म्हणून तो दोन्ही वाढवतो, आणि उजाडल्यावर आवाज मोठा करताच आपण रात्रभर काय उभारले ते पाहून ओशाळतो. मॉडेलरमधील तयार प्रीसेटांची भटकंतीही वर्ज्य समजावी. आम्ही एकदा जेवणानंतर तिला प्रारंभ केला आणि दूधवाला येईपर्यंत एकही सूर मुद्रित झालेला नव्हता.

सर्व काही यथासांग जुळून आल्यावर, एका अमावास्येला, हेडफोन चढवून आम्ही शंभर वॅटच्या, चार-चार स्पीकरांच्या दोन पेट्यांवर आरूढ झालेल्या राक्षसाला जागे केले. तळहाताने तारा दाबून केलेले पाम म्यूटचे आघात छातीत धडकत होते, भिंती कोसळतील असे वाटत होते. तेवढ्यात मातोश्रींनी दार उघडून दिवा लावला. शेजारच्या खोलीत मघापासून काहीतरी कुडकुडल्याचा आवाज येत होता, आणि हातात चप्पल घेऊन त्या उंदीर शोधत होत्या.