होमलँडर म्हणजे विषय हार्ड

उपरोध कळणं हा आजार आहे. मला तो कॉलेजात असताना जडला आणि आता बरा व्हायचं लक्षण नाही. समोरचा बोलतोय त्याच्या पोटात आणखी काहीतरी असणार, असं सारखं वाटत राहतं. त्या नादात चहा गार होतो आणि माणसं तुटतात. शिवाजी पेठेत निवृत्ती चौकाच्या अलीकडं ज्या टपरीवर मी रोज सकाळी बसतो, तिथं हा आजार मला एकट्यालाच आहे. बाकी मंडळी ठणठणीत. कुणीतरी त्यांचं चार शब्दांत कौतुक करायला हवं होतं, ते मी करतो.

हल्ली टपरीवर विषय असतो 'द बॉईज'. मोबाईल खारीच्या बरणीला टेकवून उभा करतात, आवाज फुल्ल, भाषा हिंदी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी गोष्ट एवढीच, की अमेरिकेत अंगात अचाट ताकद असलेले काही 'सुपरहिरो' आहेत आणि ते व्हॉट नावाच्या कंपनीचे पगारी नोकर आहेत. ताकद देवाची नव्हे, कंपनीच्या औषधाची, लहानपणी टोचलेली. कंपनी त्यांचे सिनेमे काढते, बाहुल्या विकते, पाप झाकते. सगळ्यांचा म्होरक्या होमलँडर. अंगावर झेंड्याचा झगा, डोळ्यांतून जाळ, ओठावर हसू आणि मनात माणसाविषयी काडीची माया नाही. गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांच्या २००६ सालच्या कॉमिकवरून एरिक क्रिपकीनं ही मालिका केली. होमलँडर रंगवताना डोळ्यांपुढं ट्रम्प होते, हे त्यानं मुलाखतीत उघड सांगितलंय. म्हणजे बिचाऱ्यानं काही लपवून ठेवलेलं नाही. तरीही आमच्या टपरीला ते कळलेलं नाही. कौतुक करायचं ते इथंच.

एक मामा आहेत, निवृत्त. त्यांची बघायची पद्धत सोपी आहे. कुणी बोलायला लागलं की म्हणतात, "पळव रं ते भाषण." मग बोट फिरतं आणि थेट हाणामारी येते. कंपनीच्या मीटिंगा, जाहिराती, खोटी रडारड सगळं पळवल्यामुळं आठ तासांचा सीझन त्यांना दीड तासात पडतो आणि तो निव्वळ सोनं असतो. एका सुनावणीत माणसांची डोकी नारळासारखी एकामागून एक फुटतात, तेव्हा मामांनी मिसळीचा कट मागून घेतला. स्पीडबोट देवमाशाच्या पोटात आरपार घुसते, तेव्हा बोट कितीला पडली असेल एवढंच त्यांनी विचारलं.

पूर्वीचा प्रेक्षक असा कणखर नव्हता. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आलं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, असं नाटकातलं एकही पात्र म्हणत नाही. पण त्या काळच्या लोकांना घरात काही कामं नसावीत. त्यांना कळलं कीचक कोण, द्रौपदी कोण, गप्प बसणारा युधिष्ठिर कोण आणि भीमाकडून काय अपेक्षा आहे. आणि प्रेक्षकाला कळलं ते सरकारलाही कळलं. १९१० मध्ये बंदी आली. मग आमच्याच गावच्या बाबूराव पेंटरांनी त्याच कथेवर 'सैरंध्री' काढला, १९२० साली. भीमानं कीचकाला मारलं ते पडद्यावर इतकं खरं उतरलं की थिएटरात बायका घेरी येऊन पडल्या आणि सरकारनं तो प्रसंग कापायला लावला. घेरी येते म्हणजे काय? समोर मरतोय तो माणूस आहे अशी समजूत होते. असल्या हळव्या आणि चौकस प्रेक्षकानं मराठी कलेचं किती नुकसान केलं, याचा हिशेब कुणी मांडत नाही. मामा त्या वेळी असते तर एक फूटही फिल्म कापावी लागली नसती.

तालमीतल्या एका पोराला मी एकदा धाडस करून विचारलं, "अरे, तो होमलँडर खलनायक आहे, माहीत आहे ना?"

"सर, तुमाला न्हाई कळायचं," तो म्हणाला. "त्यो डेंजर हाय म्हणून तर भारी हाय. एकटा माणूस, सगळी त्याला टरकत्यात. विषय हार्ड."

मी विमानाचा प्रसंग काढला. पहिल्याच सीझनमध्ये अपहरण झालेलं विमान वाचवायला हा जातो, स्वतःच्याच डोळ्यांच्या जाळानं कॉकपिट निकामी करतो, प्रवाशांना तसंच मरायला सोडून उडून जातो आणि नंतर किनाऱ्यावर येऊन पडलेल्या अवशेषांजवळ उभा राहून कॅमेऱ्यासमोर भाषण ठोकतो. पोरगा म्हणाला, "पण भाषण काय कडक केलं!"

हे ऐकून मला आमचा महापूर आठवला. योगायोग बघा, 'द बॉईज'चा पहिला सीझन आला २६ जुलै २०१९ ला आणि दोन आठवड्यांच्या आत पंचगंगा गावात आली. धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी चढलं ५५ च्या वर. आकाशातून उडत कुणी आलं नाही. आले ते एनडीआरएफचे जवान, लष्कर, नौदल, नाहीतर ट्यूब आणि दोर घेतलेली तालमींची पोरं. त्यात हा पोरगाही होता. तीन दिवस कमरेएवढ्या पाण्यात उभा, म्हाताऱ्या माणसांना पाठुंगळी घेऊन. त्याचा फोटो कुणाकडं नाही. फोटो होते ते मदतीच्या धान्याच्या पिशव्यांवर, आणि ते पुढाऱ्यांचे. त्याची तक्रार नाही. उलट त्याला अजून आठवतं की पिशवीवरचा फोटो चांगला छापला होता. हा निरागसपणा अभ्यास करून येत नाही.

तिसऱ्या सीझनचा शेवट आम्ही मिळूनच पाहिला. होमलँडर आपल्या मुलाला घेऊन समर्थकांसमोर येतो. गर्दीतला एक विरोधक मुलाला काहीतरी फेकून मारतो. हा डोळ्यांतून जाळ सोडतो आणि त्या माणसाच्या डोक्याचा भर चौकात चिखल होतो. पडद्यावर सगळे गप्प. होमलँडरही जरा गोंधळलेला. बरणीपाशीही सगळे गप्प, एकानं खारीचा तुकडा चहात धरला होता तो विरघळून खाली गेला. मग पडद्यावरच्या गर्दीत एकजण ओरडतो, आणि टाळ्या, जल्लोष. होमलँडरच्या तोंडावर हळूहळू हसू फुटतं, की अरे, हे चालतंय की!

टपरीवरही टाळ्या पडल्या. आधी मामांची, मग सगळ्यांची. क्रिपकीनं हे दृश्य लाखो डॉलर घालून चितारलं असेल, पण त्याची दुसरी बाजू आमच्या लोकांनी फुकटात पुरी केली. वरच्या मजल्यावरची इंजिनिअरिंगची मुलगी तेवढी संध्याकाळी जिन्यात म्हणाली, "काका, मी तिथंच बंद करून झोपलो." तिला बहुतेक माझा आजार लागतोय. घरच्यांनी लक्ष द्यावं.

आणि हे फक्त पेठेचं थोरपण आहे असं समजू नये. अमेरिकेतही निर्मळ मनाचे प्रेक्षक आहेत. २०२४ साली चौथा सीझन आला तेव्हा तिकडच्या कितीतरी जणांना पहिल्यांदा शंका आली की मालिका आपलीच टर उडवते आहे. त्यांनी चिडून कमी गुण दिले, मालिकेत राजकारण घुसलं म्हणाले. तीन सीझन ज्यांना ते दिसलं नाही, त्यांच्या डोळ्यांना नमस्कार. पण शेवटी त्यांना कळलंच, इथं ते घसरले. टपरी अजून घसरलेली नाही. चौथा सीझन संपल्यावर मामा एवढंच म्हणाले, "ह्यात बोलणं जास्त हाय."

आता मुद्द्याची गोष्ट. तिसऱ्या सीझनमध्ये होमलँडरचा वाढदिवस टीव्हीवर साजरा होतो. तो स्टेजवर चढून सांगतो की मी आता कुणाची माफी मागणार नाही, मी तुमच्यापेक्षा वरचा आहे. कंपनीला धडकी भरते, पण लोकप्रियता खाली येण्याऐवजी वर जाते. तो भाग बघून मंडळींच्या मनात आलं की असल्या माणसाचा वाढदिवस आपल्या चौकात झालाच पाहिजे. दहा बाय वीसचा फ्लेक्स ठरलाय. मधोमध होमलँडर, हात कमरेवर, डोळे लाल, खाली 'कार्यसम्राट'. पंचवीस शुभेच्छुकांचे गोल फोटो बसतात. पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या त्या पोराचा फोटो पहिल्या ओळीत घ्यायचा, असं मामांनीच सुचवलं. मजकुराची शुद्धलेखनाची जबाबदारी, शिकलेला माणूस म्हणून, माझ्याकडं आली आहे आणि मी ती घेतली आहे.

बावीस जागा भरल्या. तीन शिल्लक आहेत. वर्गणी माणशी दोनशे, फोटो गॉगल घातलेला असावा, आणि नाव शनिवारी संध्याकाळपर्यंत टपरीवर सांगावं.