भाऊसाहेबांचा तौलनिक तक्ता

आमच्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पाहुणा आला की त्याला तीन गोष्टी दाखवायची रीत आहे: भुईकोट किल्ला, चांदबिबीचा महाल आणि रणगाडा. यातला चांदबिबीचा महाल चांदबिबीचाही नाही आणि महालही नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. रणगाडा मात्र शंभर टक्के रणगाडाच असतो. लष्कराच्या चिलखती दलाची शाळा इथे 1948 पासून आहे, 1994 पासून टँक म्युझियम आहे, आणि के. के. रेंजच्या बाजूच्या गावांत तोफेचा बार उडाला तर तिथल्या म्हशी मानसुद्धा वर करत नाहीत. त्यामुळे नगरकराला राजकारण, पाणी आणि रणगाडा या तिन्ही विषयांवर मत असतं. पण तिसऱ्या विषयावर ज्याच्याकडे मताऐवजी तक्ता आहे, असा माणूस एकच. तो आमच्या सावेडीच्या कॉलनीत शेवटच्या बंगल्यात राहतो.

भाऊसाहेब लष्करात नव्हते. एका सरकारी कचेरीत खरेदीच्या टेबलावर त्यांनी उभी नोकरी काढली. पंखे, खुर्च्या, फिनेल, जे काही यायचं ते त्यांच्या तौलनिक तक्त्यातून यायचं. तीन कोटेशनं, आठ रकाने, शेवटचा रकाना शेऱ्याचा. माणूस निवृत्त झाला, तक्ता झाला नाही. घरात मिक्सर घ्यायचा ठरलं तेव्हा त्यांनी तीन कंपन्यांचा तक्ता केला. तो पूर्ण होईपर्यंत वहिनींनी सहा महिने पाट्यावर चटणी वाटली. मुलीसाठी तीन स्थळं आली, तेव्हाही तक्ता झाला. मुलीने चौथ्याशीच लग्न केलं. त्या नोंदीपुढे भाऊसाहेबांनी शेरा मारला, ‘निविदा न मागवता खरेदी.’ जावई चांगला निघाला तरी शेरा तसाच आहे.

जून 2020 मध्ये गलवानला चीनशी झालेल्या चकमकीची बातमी आली आणि भाऊसाहेबांना निवृत्तीनंतरचं खरं टेबल मिळालं. त्यानंतर आपल्या लष्कराने टी-72 आणि टी-90 लडाखमध्ये नेले, ऑगस्टअखेर ते पँगाँगच्या दक्षिणेकडच्या डोंगरांवर चढवले, आणि पलीकडून चीनचे हलके टाइप 15 रणगाडे दिसू लागले. एके दिवशी सकाळी फिरायला निघालो तर भाऊसाहेब फाटकाशीच उभे. हातात फुलस्केप.

“टी-90 किती टनाचा?” त्यांनी विचारलं.

“दूध आणायला चाललोय, भाऊसाहेब.”

“46. इंजिन हजार अश्वशक्तीचं. म्हणजे टनामागे?”

“भाऊसाहेब, दूध…”

“22 सुद्धा नाही! आणि चिन्याचा 33 टनाचा, इंजिन तेवढंच. टनामागे 30! आता सांगा, चढणीला कोण पुढे जाईल?”

त्या दिवशी चढणीला कोण पुढे जाईल ते ठाऊक नाही, पण दुधाच्या रांगेत माझ्यापुढे अकरा जण होते.

त्या तक्त्यात पुढे भर पडत गेली. जुलै 2024 मध्ये हजिऱ्याला ‘झोरावर’ लोकांसमोर आला, तेव्हा भाऊसाहेबांनी पेढे वाटले. डीआरडीओ आणि एल अँड टी यांनी मिळून केलेला, 25 टनांचा, 105 मिलिमीटरच्या तोफेचा. इंजिन सुमारे 760 अश्वशक्तीचं. “टनामागे 30!” पेढा देताना ते प्रत्येकाला सांगत होते. कॉलनीतल्या बायकांना बराच काळ वाटत होतं की भाऊसाहेबांच्या नातवाला टक्के पडलेत, आणि एवढ्या कमी टक्क्यांवर पेढे कसे वाटतात.

हलका रणगाडा समजावून सांगण्याची त्यांची पद्धत मात्र शिकण्यासारखी आहे. ते तीन बोटं वर करतात. “तोफ, चिलखत, चाल. तिन्ही हवीत म्हणाल तर 68 टनांचा अर्जुन होतो. तो उत्तम आहे, पण डोंगरातल्या पुलाला विचारा! हलका हवा तर एक बोट मोडावं लागतं. कोणतं मोडायचं, एवढाच प्रश्न.” मग ते चिलखताचं बोट अर्धं मोडतात. पूर्ण मोडत नाहीत. संधिवात आहे.

“रशियनांनी पूर्ण मोडलं,” ते पुढे सांगतात. “त्यांचा स्प्रुट बघा. 18 टनांचं धूड, आणि वर तोफ 125 मिलिमीटरची, थेट मोठ्या रणगाड्याची! पाण्यात पोहतो, विमानातून पॅराशूटने उतरतो. चिलखत मात्र एवढंसं. म्हणजे आमच्या बंडूसारखा. आवाज मोठा, अंगात काही नाही.”

आणि अमेरिकेचा बुकर? त्या नावावर भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर नापास मुलाच्या बापाची कळा येते. पायदळाला साथ द्यायला हलकं वाहन हवं, म्हणून काम सुरू झालं. सी-17 विमानात दोन मावतील असा अंदाज होता. मग याची सूचना आली, त्याची सूचना आली, वजन 38 टनांवर गेलं आणि विमानात एकच जायचा ठरला. वर अमेरिकेचं लष्कर बजावून सांगत होतं की याला हलका रणगाडा म्हणू नका. जून 2025 मध्ये त्यांनी त्याचा गाशाच गुंडाळला. “समिती!” भाऊसाहेब दोन्ही हात वर करतात. “वस्तू वाईट नव्हती हो. समितीने मारली. सत्यनारायण घालायचा ठरतो आणि प्रत्येक आत्या एकेक नाव सुचवते. शेवटी मांडव पडतो.”

आपल्या झोरावरलाही हा धोका आहे, असं त्यांचं मत. आकाशातून ड्रोन येतात तेव्हा छपरावर बंदूक हवी, येणारं क्षेपणास्त्र वाटेतच फोडणारी यंत्रणा हवी, आपलाही ड्रोन आतून सोडता यायला हवा. “एकही मागणी खोटी नाही,” ते हळहळतात. “हीच तर पंचाईत. खोटी असती तर त्रुटी काढून परत पाठवली असती.”

कॉलनीत कुणाकडेही पाहुणा आला की भाऊसाहेब आपण होऊन त्याला टँक म्युझियमला नेतात. पाहुणा पॅटनपुढे उभा राहून फोटो काढायला लागतो. भाऊसाहेब त्याचं कोपर धरून त्याला पीटी-76 कडे वळवतात. 14 टनांचा, पाण्यावर तरंगणारा. जवान त्याला ‘पिप्पा’ म्हणायचे, म्हणजे तुपाचा रिकामा डबा. नोव्हेंबर 1971 मध्ये गरीबपूरला 45 कॅव्हलरीच्या अशा डब्यांनी पाकिस्तानच्या चॅफी रणगाड्यांचा धुव्वा उडवला. शेजारी एएमएक्स-13, हे फ्रेंच रणगाडे ऑक्टोबर 1962 मध्ये विमानातून थेट चुशूलला उतरवले होते. इथपर्यंत पाहुण्याला मजा वाटते. मग खिशातून फुलस्केप निघतो. पुण्याचे माझे साडू एकदा त्या तक्त्यापुढे सव्वा तास उभे होते. ते आता नगरला आले की किल्ल्यातच थांबतात.

गेल्या वर्षी आम्ही दोन जोडप्यांनी लडाखला जायचं ठरवलं. भाऊसाहेबांनी सामानाचा ताबा घेतला. विमानात माणशी 15 किलो. ताणकाटा दाराच्या कडीला लटकला आणि त्यांनी स्वतःची बॅग तोलली. 11 किलो. “चार किलो राखीव,” ते म्हणाले, आणि मला तीन बोटं दाखवली. “तोफ, चिलखत, चाल.”

मग समिती बसली. मुलगी म्हणाली, थंडी भयंकर असते, बाबांना लोकरीचे दोन जोड जास्तीचे द्या. खोटं नव्हतं. वहिनींची बहीण म्हणाली, तिकडे आपलं खाणं मिळत नाही. तिने दोन किलो चिवडा आणला. जावयाने छोटा हीटर दिला. रक्तदाब मोजायचं यंत्र हवंच होतं. गरम पाण्याची पिशवी शेजाऱ्यांनी प्रेमाने दिली, नाही कसं म्हणायचं? आणि तक्त्याची फाइल, ती तर राहिली असती तर भाऊसाहेबच राहिले असते. विमानतळावर काटा 19 वर थांबला. काउंटरवरच्या मुलीने चार किलोंचे पैसे सांगितले. भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“बुकर झाला,” मी हळूच म्हणालो.

“समिती,” ते तेवढंच म्हणाले आणि पैसे मोजले.

वहिनींजवळ एक कापडी पिशवी होती.

लेहला उतरलो आणि भाऊसाहेब झोपले. तिथली उंची साडेतीन हजार मीटर, हवेतला प्राणवायू नगरच्या मानाने बराच कमी. डोकं ठणकत होतं, तोंडाला चव नव्हती, पण विषय सुटला नव्हता. उशीवरूनच त्यांनी मला समजावलं की डिझेलचं इंजिनही असंच गळतं. हवा विरळ, म्हणून इंधन नीट जळत नाही, ताकद घटते, धूर काळा येतो. “म्हणून टनामागची अश्वशक्ती,” ते धापा टाकत म्हणाले. “खाली 22 असलेलं वर आणखी खाली येतं. झोरावरच्या चाचण्या डिसेंबर 2024 मध्ये 4,200 मीटरच्या वर घेतल्या, त्या उगाच नाही. आणि नाव कुणाचं? जनरल झोरावरसिंग! गुलाबसिंगांचा सेनापती. लडाख जिंकला, तिबेटात शिरला, आणि डिसेंबर 1841 मध्ये तिथल्या थंडीत, लढाईत पडला. शत्रू होताच, पण थंडी आधी पोचली होती.”

दार ढकलून वहिनी आत आल्या. लेहचा बाजार पायी फिरून आल्या होत्या. पिशवीत जर्दाळू.

“तुम्हाला काही होत नाही?” मी विचारलं.

“मला काय व्हायचंय? मी 46 किलोंची. यांचे 91. टनामागे काय ते तुम्हीच काढा.”

हीटर उघडलाच नाही. हॉटेलवाल्याने तो बघून आधीच हात जोडले होते, की हा लावला तर पूर्ण मजल्याची वीज जाईल.

परतीला आम्ही कारगिल, द्रासमार्गे श्रीनगरला निघालो. झोजिला खिंडीत पुढे ट्रक अडकले आणि आमची गाडी तासभर थांबली. भाऊसाहेब आता चांगले सावरले होते. ते खाली उतरले, कड्याशी उभे राहिले आणि गप्प झाले. हा प्रकार नवा असल्याने आम्ही तिघेही उतरलो.

“इथे,” ते म्हणाले. “1 नोव्हेंबर 1948.”

खिंड पाकिस्तानी हल्लेखोरांच्या हातात होती, लेहची वाट तुटली होती. साडेअकरा हजार फुटांवर रणगाडा येईल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. जनरल थिमय्यांनी तो आणायचं ठरवलं. कर्नल राजिंदरसिंग ‘स्पॅरो’ यांच्या 7 कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जम्मूहून निघाले. पूल कच्चे होते आणि बातमी फुटू द्यायची नव्हती, म्हणून वरचे बुरूज काढून वेगळे आणले आणि बालतालला पुन्हा बसवले. वाट सॅपर्सनी फोडली होती. बर्फ पडत होतं. रणगाडे वर आले आणि खिंड त्याच दिवशी सुटली.

भाऊसाहेबांनी फाइल काढली आणि गाडीच्या बॉनेटवर पसरली. स्टुअर्टची ओळ त्यांनी अजून भरलेली नव्हती. ती ते तिथेच भरू लागले. तोफ 37 मिलिमीटर. 1948 मध्येसुद्धा ती हास्यास्पद होती. चिलखत बेताचं. वजन 15 टनांच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धातलं उरलेलं वाण. पेन थांबलं.

“पात्रतेच्या निकषातच बसत नाही,” ते म्हणाले. “माझ्या टेबलावर आलं असतं तर पहिल्याच पाकिटात बाद केलं असतं.”

“पण इथे आला तोच ना?” वहिनी म्हणाल्या. “दुसरा कुठला होता इथे?”

भाऊसाहेब बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. नोकरीभर ते एका निविदेची दुसऱ्या निविदेशी तुलना करत आले होते. 105 ची 125 शी, 25 टनांची 33 टनांशी. हलक्या रणगाड्याची तुलना आधी तिथे न पोचलेल्या रणगाड्याशी करायची असते, हा रकाना त्यांच्या आठांत नव्हता. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात कचेरीतल्या हजेरीपटावरच्या वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिला: ‘हजर.’

ट्रक हलले. गाडीत बसताना वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, आमचे हेही तसेच बघा. कोणत्याच निकषात बसत नाहीत. पण असतात.”

भाऊसाहेबांनी ऐकलं. त्यांचा चेहरा थोडा खुलला. नगरला आल्यावर त्यांनी तक्ता नव्याने उतरवून काढला, सुरुवातीलाच नववा रकाना आखला आणि त्याला मथळा दिला, ‘पोचला का?’ स्प्रुट, टाइप 15, झोरावर, बुकर, सगळ्यांची ओळ तिथून सुरू होते. जावयापुढचा जुना शेराही त्यांनी खोडला. मिक्सरचा तक्ता मात्र वहिनींनी रद्दीत घातला आहे.