समुद्रसपाटीपासून ५६० मीटर

पुण्याला समुद्र नाही ही पुण्याची उणीव आहे, असं कुठल्याही पुणेकराने आजवर कबूल केलेलं नाही. फार तर तो म्हणेल, समुद्र असता तर हवा दमट झाली असती आणि पापड सादळले असते. पाण्याची हौस आम्ही नदीवर भागवतो. रॉयल कनॉट बोट क्लब १८६८ सालचा. इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा १९२८ पासूनची. अंधार पडला की मुलं होड्यांमध्ये मशाली धरून मुळेच्या पात्रात बाण काढतात आणि काठावरचे माजी विद्यार्थी ‘आमच्या वेळी बाण जास्त सरळ यायचा’ असं म्हणत घरी जातात. त्यामुळे भाचा जेव्हा म्हणाला, “मावशी, तुझ्या खालच्या खोलीत मी सर्फबोर्ड बनवणार,” तेव्हा समुद्र कुठे आहे हे मी विचारलंच नाही. भाडं किती देणार, एवढंच विचारलं. बँकेच्या कर्ज विभागात माझा जन्म गेला. कुणी स्वप्न सांगायला लागलं की तारण काय, हे आधी तोंडात येतं.

भाचा हिंजवडीत नोकरीला. सुट्टी काढून मंगळूरजवळ मुल्कीला लाटांवर उभं राहायला शिकायला गेला आणि नाक सोलून परत आला. तिथे त्याच्या डोक्यात भरलं, की भाड्याने मिळणारे बोर्ड दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगाला बेतलेले असतात. आपल्या माणसाला आपल्या मापाचा बोर्ड हवा. हे मला पटवायला त्याला फार बोलावं लागलं नाही. रेडिमेड ब्लाउज घालून लग्नाला गेलेल्या बाईला मापाचं महत्त्व कळतं.

आमचं घर कसबा पेठेत, तांबट आळीतलं मठारकाम ऐकू येईल इतक्या अंतरावर. इथल्या शेजाऱ्यांचे कान पिढ्यान्‌पिढ्या तांब्यावरच्या ठोक्यांनी तयार झालेले, त्यामुळे इलेक्ट्रिक रंध्याची घरघर कुणाच्या खिजगणतीत नव्हती. तक्रार आली ती उजेडाची. बोर्डाला आकार द्यायच्या खोलीच्या भिंती गडद निळ्या रंगवतात आणि ट्यूब छताला न लावता दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर आडव्या लावतात. उजेड तिरपा पडला की पांढऱ्या फोमवरचा बारीकसा उंचवटाही सावली टाकतो आणि पकडला जातो. आमच्या वायरमनला हे पटेना. “ताई, इथे ट्यूब लावली तर उजेड पोटावर पडेल.” म्हटलं, तोच पाहिजे. त्याने लावल्या, पण जाताना समोरच्या वाड्यात सांगून गेला. दुसऱ्या दिवशी तीन बायका ‘सहज’ आल्या. एकीने विचारलं, मासे पाळणार का?

या खोलीत पूर्वी मखरवाले काका असायचे. थर्माकोलची मखरं करायचे. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि खोली रिकामी झाली. बंदीबद्दल माझी तक्रार नाही, विसर्जनानंतर नदीकाठी काय दिसायचं ते मी पाहिलंय. पण एका पांढऱ्या पाटातून काकांनी अख्खा मयूरमहाल काढलेलाही पाहिलाय. त्यांची तार ताणलेली धनुकली तेवढी खुंटीला राहिली होती. ती न्यायला काका आले तेव्हा भाचा अमेरिकेहून ‘हॉट वायर कटर’ मागवायच्या बेतात, बोट बटणावर. काकांनी चष्मा वर करून त्याच्या लॅपटॉपमध्ये पाहिलं, मग खुंटीकडे पाहिलं आणि म्हणाले, “हे मागवतोयस? मग हिला काय झालं?”

तेव्हापासून काका रोज येतात. पगाराचं विचारलं तर चहा मागतात.

फोम कापायची त्यांची रीत बघत बसावी अशी. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना प्लायचे फर्मे ठोकायचे, तार तापवायची, एका टोकाला काका आणि दुसऱ्याला भाचा, आणि दोघांनी फर्म्याच्या कडेवरून तार एका चालीने ओढत न्यायची. एक जण जरा पुढे गेला की तार तिरकी होते आणि कापलेल्या अंगावर वळ्या उठतात. भाचा पुढे जातो. इंजिनिअर आहे. काका थांबत नाहीत, चालही बदलत नाहीत, फक्त “मंडळ पुढे निघालं, गणपती मागे राहिला” असं म्हणतात, आणि भाचा तालावर येतो.

साहित्याचं ज्ञान दोघांना सारखंच, मिळण्याची वाट वेगळी. मूर्तीच्या कामातलं नेहमीचं पॉलिस्टर रेझिन थर्माकोलवर ओतलं तर त्यातलं स्टायरिन थर्माकोलला खाऊन टाकतं, तिथे इपॉक्सीच लागतं. हे भाचा व्हिडिओ बघून शिकला. काका शिकले ते एका मंडळाच्या उत्साही कार्यकर्त्यामुळे, ज्याने आरतीच्या तासभर आधी मखराला ऑइलपेंट मारला होता. आरती झाली, मखराचे खांब तेवढे कमरेत बसले.

आणि फायबरचं म्हणाल तर ते पुण्याला नवीन नाही. मानाच्या चौथ्या, तुळशीबाग गणपतीची फायबरची मूर्ती शिल्पकार डी. एस. खटावकरांनी १९७५ साली घडवली. तिकडे कॅलिफोर्नियात हॉबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क फोमवर फायबर चढवून बोर्ड विकायला लागले ते १९५८च्या सुमाराला. फार मागे नव्हतो आपण. हा क्लार्क पुढे इतका मोठा झाला, की अमेरिकेत लागणाऱ्या फोमच्या ठोकळ्यांपैकी सुमारे ९० टक्के त्याच्या कारखान्यातून जायचे. ५ डिसेंबर २००५ या सोमवारी त्याने कारखाना अचानक बंद केला आणि जगभरच्या कारागिरांच्या हातात नुसता रंधा राहिला. एकाच पार्टीवर एवढी भिस्त? आमच्या शाखेत असं प्रकरण आलं असतं तर मी फाइल उघडीच टाकली नसती, परत पाठवली असती. बोरी आळीत निदान एका दुकानात नाही म्हणाले तर शेजारच्या दुकानात ‘त्यांच्याकडे कशाला गेलात’ म्हणून देतात.

माप घेण्याच्या बाबतीत कॅलिफोर्निया आणि कसबा पेठ सख्खी भावंडं निघाली. सगळं जग मिलिमीटरवर गेलं तरी सर्फबोर्ड अजून फूट, इंच आणि इंचाच्या सोळाव्या हिश्श्यात मोजतात. ‘दोन पूर्णांक पाच सोळांश इंच जाडी’ असं भाच्याने वाचलं आणि कॅल्क्युलेटर शोधायला लागला. काकांनी कानावरची पेन्सिल काढली. “दोन इंच अडीच सूत. लिहू का?”

हिशेब आणि फोन माझ्याकडे आहेत, आणि खरा धंदा फोनवरच होतो. बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये धरतात. नवशिक्याला साधारण जितके किलो वजन तितके तरी लिटर लागतात. मुरलेल्या माणसाला त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरतात. म्हणजे दोनच गोष्टी कळल्या पाहिजेत, वजन किती आणि येतं किती, आणि नेमक्या याच दोन गोष्टी माणूस खऱ्या सांगत नाही. कर्ज मागायला आलेला उत्पन्न फुगवतो आणि देणी लपवतो. बोर्ड मागणारा अनुभव फुगवतो आणि वजन लपवतो. मला नवीन काहीच शिकावं लागलं नाही.

“वजन?”

“सत्तर.”

“कधीचं?”

पलीकडे शांतता. “मॅडम, बाहत्तर धरा.”

“मी अठ्ठ्याहत्तर धरते. कमी भरलात तर तरंगाल. जास्त भरलात तर मला फोन करायला वर येणार नाही.”

अनुभवाच्या रकान्यात सगळे एकजात ‘इंटरमिजिएट’ असतात. बिगिनर कुणी नाही, एक्स्पर्ट म्हणवून घ्यायला मराठी माणूस लाजतो. सगळा समाज मधल्या इयत्तेत. तेव्हा मी भाच्याकडून शिकलेले प्रश्न टाकते. लाट फुटायच्या आधी उभे राहता की फुटून फेस झाल्यावर? वळता का? डावीकडे की उजवीकडे? आणि ते तुम्ही ठरवता की लाट? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण बिगिनर होतात.

मला वाटतं हा धंदा समुद्रकाठी चालणं अवघड आहे. तिथली माणसं मोकळीढाकळी. गिऱ्हाइकाने चॅम्पियनसारखा टोकदार, सुरीच्या कडेचा बोर्ड मागितला तर ‘करून देऊ’ म्हणतात, आणि ते बिचारं सीझनभर त्याच्यावरून पडत राहतं. या कामाला गिऱ्हाइकाला तोंडावर ‘हे तुम्हाला झेपणार नाही’ असं सांगण्याची जुनी परंपरा असलेलं गाव लागतं. समुद्र काय, दीडशे किलोमीटरवर आहे. ताम्हिणी उतरलं की झालं.

दाराबाहेर आमची पाटी आहे, ‘दुपारी १ ते ४ बंद’. हसू नका. ऊन चढेल तशी फोमच्या पोटातली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते, म्हणून फायबर चढवायचं ते तापमान उतरणीला लागल्यावर, संध्याकाळी. शिवाय एप्रिल-मेच्या दुपारी रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की ते बोर्डावर जायच्या आधी भांड्यातच आवळतं आणि भांडं हातात धरवत नाही. दुपारच्या बंदला रसायनशास्त्राचा आधार असलेलं पुण्यातलं हे बहुधा पहिलंच दुकान. पण लोक पाटी वाचतात, मान डोलावतात आणि जातात. कारण कुणी विचारतच नाही. आम्ही सांगायला टपून बसलोय.

बोर्ड तपासायचा कुठे, यावर पेठेचं एकमत आहे, भिडे पूल. खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढवला की पूल पाण्याखाली जातो आणि अर्धं पुणं क्युसेकचा आकडा तोंडपाठ करून बघायला येतं. त्यात कुणाच्या तरी मुलाने जर्मनीहून म्युनिकच्या आइसबाखचा व्हिडिओ पाठवला. त्या गावालाही समुद्र नाही, बागेतल्या कालव्यात एकाच जागी उभी राहणारी लाट होती आणि पोरं तिच्यावर वर्षानुवर्षं रांग लावून सर्फिंग करायची. रांग लावून, हे ऐकून काही जणांचा उत्साह तिथेच मावळला. बाकीच्यांना नारायण पेठेतल्या एका आजोबांनी गप्प केलं. त्यांच्या भिंतीवर १२ जुलै १९६१ च्या, पानशेतच्या पुराच्या पाण्याची खूण आहे. “आम्ही लाट पाहिली आहे,” एवढंच म्हणाले. पानशेतवर पुण्यात कुणी विनोद करत नाही. भाचा बोर्ड घेऊन कोकणातच जातो.

पहिल्या ठोकळ्यावर रंधा चालवायच्या आधी काकांनी नारळ मागवला. भाचा कुरकुरला, तर मी त्याला हवाईचं उदाहरण दिलं. तिथले जुने लोक बोर्डासाठी झाड तोडण्याआधी त्याच्या मुळाशी लाल मासा वाहायचे, मग कुऱ्हाड. मानपानही होतं. सरदारांचे ‘ओलो’ बोर्ड वेगळे; त्यांतला सोळा फुटांच्या आसपास लांब आणि सत्तर किलोच्या घरातला एक होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये आहे. बाकीच्या प्रजेला आखूड ‘अलाया’. म्हणजे मानाचे पाच तिथेही होते. भाच्याने नारळ फोडला. मासा नको म्हणाला, शेजारी सगळे शाकाहारी.

माशावरून आठवलं. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, सर्फिंग पहिल्यांदा आलं आणि पुरुषांचं सुवर्ण ब्राझीलच्या इतालो फेरेराने नेलं. त्याचे वडील मासे विकायचे आणि पोरगं लहानपणी माशांच्या थर्माकोलच्या पेटीचं झाकण घेऊन लाटांवर जायचं. भाच्याने हे डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. काका म्हणाले, “मग गणेश पेठेत झाकणं मिळतात की. एवढा खर्च कशाला केलात?”

तयार फोमवर मधल्या पट्टीच्या कडेने पेन्सिलीने मापं लिहायची पद्धत आहे. गिऱ्हाइकाचं नाव, लांबी, रुंदी, जाडी. वर फायबर चढलं की ते कायमचं काचेखाली. काका त्याच्या आधी ‘श्री’ काढतात. गोव्याच्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, हा मॉडेल नंबर का? भाचा हो म्हणाला. तेव्हापासून लोक फोनवर ‘श्री मॉडेल’ मागतात.

गोव्याचा माल रात्रीच्या बसने जातो. पहिल्यांदा नेला तेव्हा बुकिंगवाल्याने बुडबुड्यांच्या प्लास्टिकमधून बोट घालून पाहिलं आणि विचारलं, काय आहे? भाचा सर्फिंगचा इतिहास सांगायला लागला. मागे रांग वाढली. बुकिंगवाल्याने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि पावतीवर लिहिलं, ‘इस्त्रीचे टेबल, १ नग, पाय नाहीत.’ भाच्याला वाईट वाटलं; मी ती पावती फाइलला लावली. पुढे आम्हीच तसं सांगू लागलो. हमाल जपून ठेवतात. इस्त्रीच्या टेबलाची किंमत सगळ्यांना माहीत असते.

मध्यंतरी कोथरूडहून एक गृहस्थ आले. बोर्ड हवा होता, पण दिवाणखान्याच्या भिंतीवर लावायला, सोफ्याच्या रंगाला जुळणारा. भाचा आत निघून गेला, त्याचा अपमान झाला होता. काकांनी मात्र शांतपणे भिंतीची लांबी विचारली, खिळा विटेत बसणार की जिप्समच्या पार्टिशनमध्ये ते विचारलं आणि पाठ सपाट करून देतो म्हणाले. मी सवयीने फॉर्म पुढे केला. गृहस्थांनी तो इमानदारीत भरला. अनुभव या रकान्यात लिहिलं, ‘पोहता येत नाही.’ वजन लिहिलं एक्याण्णव किलो चारशे ग्रॅम आणि कंसात, ‘आज सकाळी, उपाशीपोटी’. आजवरच्या गिऱ्हाइकांत खरं वजन सांगणारे तेवढे एकच.